मळ जावा, धातू राहावा

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संक्षेप करून)



सातपुड्यातील आपल्या धातुकाम वर्गाबद्दल बोलायला मला सांगितले आहे. या वर्गाबद्दल आपल्यापैकी अनेक जण एकच प्रश्न विचारतात. बाजारातला कारागीर दागिना तेजाबात बुडवतो आणि मिनिटाभरात चकचकीत करून देतो. आपली मुले मात्र तोच दागिना लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात घालून अर्धा तास वाट पाहत बसतात. देणगीदारांच्या पैशाने चालणाऱ्या वर्गात इतका वेळ का घालवायचा? प्रश्न रास्त आहे. आज मी त्याचेच उत्तर देणार आहे, कारण आपण तिथे नेमके काय करतो ते या उत्तरात येते.

आधी थोडे कामाविषयी. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांत भिल्ल आणि पावरा समाजाच्या बायकांच्या अंगावर चांदी असते. गळ्यात हासळी, हातात जाड कडी, पायात वाळे. शहरातल्या माणसाला ती हौस वाटते. खरे पाहता ती त्या घराची बँक आहे. पाऊस लांबला, आजारपण आले, ऊसतोडीला गुजरातेत जाण्याआधी घरात दाणा उरला नाही, तर आधी गहाण पडते ती चांदी. त्यामुळे कडी तुटली तर ती नुसती मिरवायची वस्तू तुटत नाही. ती आठवडेबाजारात दुरुस्तीला जाते आणि घरी परत येते, तेव्हा ती जितकी गेली तितकीच परत आली का, हा त्या घरासाठी मोठा प्रश्न असतो.

आपल्या वर्गात मुले-मुली हीच दुरुस्ती शिकतात. शिकवणारे काका बाजारपेठेतले जुने चांदीकारागीर आहेत, हाताला आणि शब्दाला पक्के. चांदीबरोबर तांब्या-पितळेचे हंडे, कळशा आणि समईचे सुटे भागही जोडायला येतात.

काळी साल कुठून येते

धातूचे दोन तुकडे जोडायला आपले जुने लोक डाख देतात. आयटीआयमध्ये त्याला सोल्डरिंग किंवा ब्रेझिंग म्हणतात. साधारण 450 अंश सेल्सिअसच्या खाली वितळणाऱ्या डाखाने जोडले तर सोल्डरिंग, त्याच्या वर गेले तर ब्रेझिंग. चांदीसाठी जो डाख वापरतात तो चांदी, तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असतो. तो मूळ दागिन्याच्या आधी वितळतो आणि सांध्यात पाण्यासारखा पळत शिरतो. तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून सांध्यावर टाकणखार लावतात. ज्योतीखाली टाकणखार आधी लाहीसारखा फुगतो, मग वितळून काचेसारखा पसरतो.

ज्योत बाजूला केली की दागिना बघवत नाही. दागिन्यांची चांदी निव्वळ चांदी नसते. ती टिकाऊ व्हावी म्हणून तिच्यात तांबे घातलेले असते. तापल्यावर त्या तांब्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि वर काळी साल चढते. सांध्यावर टाकणखाराची कडक काच बसलेली असते. ती कानशीने काढायला गेलात तर कानसच बोथट होते. शिवाय त्या काचेखाली सांधा खरोखर भरला आहे की नुसता झाकला गेला आहे, हे कळत नाही. म्हणून हे धुणे केवळ शोभेसाठी नाही. धुतल्याशिवाय सांध्याची परीक्षाच होत नाही.

ही साल आणि ही काच काढायला आम्ल लागते. यात नवे काही नाही. आपल्या घरातल्या बायका पितळेची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने घासत आल्या आहेत. मंडळीत प्रभुभोजनाचे पितळी ताट लिंबू-मिठाने उजळणाऱ्या भगिनी इथे बसल्या आहेत. त्या हेच काम करतात. चिंचेतले आणि लिंबातले आम्ल तांब्याच्या काळ्या थराला विरघळवते आणि खालच्या धातूला फारसे छेडत नाही.

लिंबूसत्त्वाचे पाणी

वर्गातली पद्धत सांगते. 1 लिटर पाण्यात सुमारे 100 ग्रॅम लिंबूसत्त्व. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे. पाणी हाताला चटका बसेल इतपत गरम, पण उकळते नाही. डाख दिलेला दागिना लाल असताना यात टाकायचा नाही. तो आधी साध्या पाण्यात विझवायचा, म्हणजे आम्लाचे शिंतोडे उडत नाहीत आणि टाकणखाराची काचही तडकून सुटू लागते. मग तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यात सोडायचा आणि थांबायचे. पंधरा-वीस मिनिटांत, थर जाड असेल तर अर्ध्या तासात, काळी साल निघते आणि खालून पांढुरका, मंद रंग दिसू लागतो.

दागिना काढायचा तो तांब्याच्या किंवा बांबूच्या चिमट्याने. लोखंडी चिमटा या भांड्यात कधीही घालायचा नाही, आणि दागिन्याला बांधलेली लोखंडी तारही आधी सोडायची. या पाण्यात विरघळलेले तांबे असते. लोखंड आत गेले की ते तांबे चांदीवर चढते आणि पांढरा दागिना गुलाबी होऊन बाहेर येतो. मुलांना हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून काका पहिल्याच आठवड्यात एक जुना तुकडा मुद्दाम बिघडवून दाखवतात. त्यानंतर कोणी विसरत नाही.

बाहेर काढलेला दागिना भरपूर पाण्यात धुवायचा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचा. सांध्याच्या फटीत आम्ल उरले असेल तर तिथून बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की आम्ल संपले. पुन्हा धुवून, रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासून, लाकडाच्या भुशात वाळवायचा. आता सांधा उजेडात धरायचा. फट दिसली तर पुन्हा टाकणखार, पुन्हा डाख, पुन्हा धुणे.

वजनाचा प्रश्न

मग तेजाब का नको? पहिले कारण वजन.

शोऱ्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, सोन्याला काही करत नाही. पण ते चांदीला विरघळवते. तुमची कडी त्यात बुडवली की काळी साल जाते आणि तिच्याबरोबर थोडी चांदीही जाते. ती कुठे नाहीशी होत नाही, त्याच पाण्यात असते. त्या पाण्यात तांब्याची पट्टी ठेवली की चांदी पुन्हा सुटी होऊन तळाशी बसते. ज्याच्याकडे ते पाणी राहते त्याच्याकडे ती चांदी राहते. मी असे म्हणत नाही की प्रत्येक कारागीर हे जाणूनबुजून करतो. आमच्या काकांसारखे प्रामाणिक लोक याच धंद्यात आहेत. पण डोंगरातून उतरलेल्या, वजनाचा काटा वाचता न येणाऱ्या बाईला कडी चकचकीत मिळते, आणि चकचकीत आहे म्हणून ती समाधानाने घरी जाते. गेले काय हे तिला कधीच कळत नाही. नीतिसूत्रांच्या 11 व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात देवाला खोट्या तागडीचा किती वीट आहे ते सांगितले आहे. काटा खरा असून तेजाब खोटे असेल, तर त्या तागडीला काय म्हणायचे?

लिंबूसत्त्व इथे वेगळे वागते. ते तांब्याची काळी साल घेते आणि चांदी सोडून देते. आपल्या वर्गात प्रत्येक वस्तू येताना गिऱ्हाइकासमोर तोलतात, डाखाचा तुकडा वेगळा तोलतात आणि काम झाल्यावर पुन्हा तोलतात. समजा 200 ग्रॅमची कडी आली आणि अर्धा ग्रॅम डाख लागला, तर ती परत जाताना साडेदोनशेची होणार नाही आणि एकशे पंचाण्णवचीही होणार नाही. ती 200 च्या आसपास, किंचित वरच राहिली पाहिजे. तिन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून देतात. वाचता येत नसेल तर मुलगी ते पावरीत किंवा भिलोरीत समजावून सांगते. एक आजी आता चिठ्ठी घेतल्याशिवाय उठतच नाहीत. त्या म्हणतात, “बाई, कागद दे. कडी तर मला दिसते, पण वजन कागदातच दिसतं.”

कामगाराची फुप्फुसे

दुसरे कारण मुलांचा जीव. चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये पडली की तपकिरी धूर उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड वायू आहे. त्याचा दगा असा की श्वासात गेल्यावर थोडा खोकला येतो, मग माणसाला बरे वाटते, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरू लागते. बंद खोलीत, पंख्याशिवाय काम करणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? आमच्याकडे आलेला एक मुलगा त्याआधी शहरातल्या एका कारखान्यात दागिने धुण्याचे काम करत होता. त्याच्या बोटांची टोके पिवळी पडून सोलली होती. हातमोजे मिळायचे का, असे विचारले तर तो म्हणाला, “ताई, मोज्यात काम हळू होतं म्हणून शेठ नको म्हणायचे.”

याच धंद्यातली दुसरी गोष्ट आपल्या घरांनाही माहीत आहे. एके काळी आपण सराफाकडे अभिमानाने केडीएमचे सोने मागत होतो. त्या डाखात कॅडमियम असे. त्याने सोन्याची शुद्धता चांगली राखली जाई, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण कॅडमियम साधारण 767 अंशाला उकळते, आणि डाख देताना त्याचा धूर कारागिराच्या छातीत जातो. दागिना घालणाऱ्याला काही होत नव्हते, होत होते ते घडवणाऱ्याला. म्हणून आपल्या वर्गात कॅडमियमचा डाख येत नाही, आणि पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला शिशाचा डाखही लागत नाही. रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीतल्या नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते. कळशीला तो लावला तर सांधा धरतो, पण ते शिसे लेकरांच्या पोटात जाऊ शकते.

तिसरे कारण घरचे आहे. तेजाब पाण्यासारखे दिसते आणि आपल्याकडे ते पाण्याच्याच बाटलीत भरून ठेवतात. झोपडीत एकच खोली, एकच फळी, आणि तहानलेले मूल. पुढे काय होते ते मी इथे सांगत नाही. 2013 साली लक्ष्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेजाबाच्या खुल्या विक्रीवर बंधने घातली. विकणाऱ्याने नोंद ठेवायची, घेणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचे, आणि 18 वर्षांखालील कोणालाही द्यायचे नाही. तरी कामाच्या ठिकाणाहून बाटली घरी येतेच. लिंबूसत्त्व किराणा दुकानात मिळते. डोळ्यात गेले तर तेही झोंबते, म्हणून चष्मा आणि हातमोजे आमच्याकडे सक्तीचे आहेत. पण त्याने कोणाचे आयुष्य उद्ध्वस्त होत नाही.

मुले उद्या दुसरीकडे कामाला गेली आणि तिथे तेजाबच असले तर? म्हणून त्याचेही नियम शिकवतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही, नाहीतर ते उकळून अंगावर येते. अंगावर पडले तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरायचे, निदान पंधरा-वीस मिनिटे, आणि मग दवाखाना. बाटलीवर नाव आणि चित्र हवेच. हे नियम मुलांनी आपापल्या बोलीत लिहून भिंतीवर लावले आहेत.

निळे पाणी नाल्यात नाही

सौम्य आम्ल वापरले म्हणजे सगळे निर्धोक झाले असे नाही. वापरून वापरून ते पाणी निळसर-हिरवे होते. तो रंग विरघळलेल्या तांब्याचा. तांबे आपल्याला भांड्यात चालते, पण पाण्यात विरघळलेले तांबे माशांना आणि बारीक जीवांना विष आहे. आपला वर्ग नाल्याच्या काठावर आहे आणि खालच्या पाड्यातली मुले त्याच नाल्यात मासे आणि खेकडे धरतात. म्हणून निळे पाणी नाल्यात ओतायचे नाही.

त्यात आम्ही लोखंडाचा कीस टाकून ठेवतो. दागिना गुलाबी करणारा तोच गुण इथे उपयोगी पडतो. तांबे लोखंडावर येऊन बसते. मग सोडा घालून उरलेले आम्ल मारतो, पाणी पसरट टबात उन्हात आटवतो आणि खालचा गाळ झाकणाच्या डब्यात साठवतो. तो डबा घातक कचऱ्याबरोबरच जातो. हे काम कोणी आवडीने करत नाही. म्हणून त्याची पाळी लावली आहे, आणि त्या पाळीत माझेही नाव आहे.

शास्त्र आणि भट्टी

पवित्र शास्त्राला भट्टीची चांगली ओळख आहे. निर्गमाच्या 31 व्या अध्यायात परमेश्वर बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो, आणि तो आत्मा त्याला सोन्या-रुप्याचे आणि पितळेचे काम करायला मिळतो. धर्मशास्त्राच्या पदविकेसाठी शिकत असताना हा अध्याय आम्ही निवासमंडपाच्या संदर्भात वाचला होता. वर्गात, हातात बांबूचा चिमटा धरलेल्या मुलीकडे पाहताना त्यातला कारागीर मला पहिल्यांदा नीट दिसला. तांबटांचे नाव पौलाच्या पत्रात मात्र चांगल्या अर्थाने येत नाही. आलेक्सांद्र तांबटाने त्याला फार छळले. तेव्हा धंदा पवित्र की अपवित्र हे धंद्यावर नाही, तो करणाऱ्यावर ठरते.

मलाखीच्या 3 ऱ्या अध्यायात प्रभू रुपे शुद्ध करणाऱ्यासारखा बसलेला दाखवला आहे. बसलेला, हा शब्द आता मला महत्त्वाचा वाटतो. शुद्ध करणारा घाई करत नाही. त्याला मळ काढायचा असतो आणि रुपे राखायचे असते.

इथे मला आपल्या मंडळ्यांशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायची आहे. आदिवासी पाड्यांवर सुवार्ता नेताना आपल्यापैकी काही जण तेजाब घेऊन गेले. नव्या विश्वासणाऱ्याने हासळी उतरवावी, पावरी बोलू नये, ढोल वाजवू नये, आपल्यासारखे नाव आणि आपल्यासारखे कपडे घ्यावे, असे सांगितले गेले. दारूचे व्यसन, भुताळी ठरवून बाईला मारणे, सावकाराची भीती, हा मळ आहे आणि तो गेलाच पाहिजे. पण भाषा हा मळ नाही. आईने दिलेली कडी हा मळ नाही. ढोलाचा ताल हा मळ नाही. तो धातू आहे आणि तो घडवणाऱ्याचा आहे. तेजाब वापरले की चकाकी लवकर येते, अहवालात छायाचित्रही चांगले दिसते. वजन किती घटले हे मात्र पुढच्या पिढीत कळते, जेव्हा मुलगा आजीशी तिच्या बोलीत बोलू शकत नाही.

नीतिसूत्रांच्या 25 व्या अध्यायात चांदीतला गाळ काढण्याची गोष्ट आहे, आणि त्याच अध्यायात पुढे दुःखी मनाच्या माणसासमोर गाणी गाण्याला सोड्यावर शिरका ओतण्याची उपमा दिली आहे. वर्गात ती उपमा रोज डोळ्यांसमोर घडते. बुडबुडे फार येतात आणि दोन्ही पदार्थांचा जोर संपतो. ऊसतोडीहून परतलेल्या, वाटेत मूल गमावलेल्या घरी जाऊन लगेच गाणे सुरू करणाऱ्यांनी ती जरूर वाचावी. तिथेही आधी बसावे लागते.

आता विनंती. वर्गाला धूर बाहेर ओढणारा एक पंखा हवा आहे. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा एक खरा काटा हवा आहे. चष्मे आणि हातमोजे लवकर झिजतात, ते सतत लागतात. आणि आपल्यात कोणी निवृत्त आयटीआय निदेशक किंवा रसायनशास्त्राचे शिक्षक असतील, तर त्यांनी वर्षातले दोन आठवडे आम्हांला द्यावेत. राहण्याची सोय साधी आहे, जेवणात भाकरी आणि भाजी असेल. शिवाय तुमच्या मंडळीतली झिजलेली, सांधा सुटलेली पितळी भांडी आमच्याकडे पाठवा. मुलांना सराव मिळेल आणि तुम्हांला वजनाची चिठ्ठी मिळेल.

प्रार्थनेत मुलांची नावे घ्या. ती मी इथे जाहीर करत नाही, पण प्रभूला ती ठाऊक आहेत. त्यांच्या हातांना स्थिरता मिळो, डोळे आणि फुप्फुसे सुरक्षित राहोत, आणि त्यांच्या हातातून गेलेली कोणाचीही चांदी कधी कमी न होवो. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.